जेटला पंखा की आग?

बिंदुमाधवराव पुणतांबेकरांचं जेट विमान तयार होतं. फक्त त्याला उडवील असं आत काही नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

बाकी बघाल तर दृष्ट लागावी असं रूप. सव्वा मीटर लांब, शेंदरी आणि पांढरं, आत बाल्सा लाकडाच्या फासळ्या, वर फोमची कातडी, मागे वळलेले पंख आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना वारा आत घेणारी दोन तोंडं. ब्रह्मा घाटावर पुणतांबेकरांच्या गच्चीत एक खोली आहे. त्या खोलीत तीन हिवाळे खपून बँकेच्या या निवृत्त मॅनेजरांनी ते घडवलं होतं. रिमोटवरची साधी विमानं त्यांनी आयुष्यभर उडवली. त्यातली निम्मी गंगेला अर्पण झाली आणि उरलेली माकडांना. पण आता त्यांना नुसतं उडणं नको होतं. हे जेट आकाशात सरळ उभं चढणार होतं, अंगाभोवती गिरक्या घेणार होतं आणि पाठीवर उताणं होऊन पुरा लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ, मारून खाली येणार होतं. असली कसरत करायची तर विमानाच्या वजनाहून मोठा जोर त्याच्या पोटात हवा. तो जोर पंख्याचा असावा की पेटत्या टर्बाइनचा, इथे घोडं अडलं होतं.

महिना झाला तरी ते हलेना, तेव्हा त्यांच्या पत्नी शरदिनीबाईंनी मुदत घातली. काशीत हल्ली ज्याच्याकडे एक खोली आणि एक पलंग आहे तो होमस्टेवाला झाला आहे. शेजारच्या गल्लीत एकाने जिन्याखालच्या कोनाड्याला 'रिव्हर व्ह्यू' अशी पाटी लावली, आणि म्हणे मान बाहेर काढली तर गंगा दिसतेही. मग गंगा आयती खिडकीत येऊन उभी राहते अशी आपली गच्चीची खोली डिंकाच्या वासाने आणि बाल्साच्या भुश्याने का भरून ठेवायची, हा बाईंचा सवाल होता.

"माघी पौर्णिमेला पलीकडे रेतीवर तुमच्या विमानांचा मेळावा आहे ना," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी याने एक पुरा लूप मारला तर खोली तुमची. मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही मारला, तर दुसऱ्या दिवशी तिथे पलंग लागेल."

बिंदुमाधवराव हो म्हणाले. चहाचा पहिला घोट तोंडात असताना नवरे जसे हो म्हणतात तसे.

आता निर्णय घेणं आलं, आणि काशीत माणसाला एकट्याने निर्णय घेऊ देण्याची पद्धत नाही. पहिले आले गोपीनाथ पाटणकर. भिंतीला भिंत लागून घर, आणि नोकरी रेल्वेच्या इंजिनांच्या कारखान्यात झालेली. आग नाही ते इंजिन नाही, असं त्यांचं रोखठोक मत. केरोसिनवर चालणारं छोटं टर्बाइन मिळतं, पाण्याच्या बाटलीएवढं, मिनिटाला लाखावर फेरे घेतं, आणि सुरू झालं की खऱ्या विमानासारखी शीळ घालतं, ही माहिती बिंदुमाधवरावांनीच त्यांना पुरवली होती. तीच गोपीनाथ आता त्यांना समजावून सांगू लागले. किंमत कळल्यावर बिंदुमाधवरावांनी पाणी मागितलं होतं. ती कळल्यावर गोपीनाथांचा उत्साह वाढला, कारण पैसे त्यांचे नव्हते.

दुसरा आला विष्णू मल्लाह. त्याची बोट पुणतांबेकरांच्या घाटालाच लागते. त्याने जेटच्या रिकाम्या पोटात हात घालून बघितलं आणि सल्ला दिला, "चाचा, सीएनजी लगवा लीजिए. हमारी नाव में लगा है, न धुआँ, न झंझट." सिलिंडर विमानाहून मोठा असतो हे बिंदुमाधवरावांनी त्याला सांगितलं. त्यावर विष्णूने थोडा विचार करून विमानच मोठं करा म्हणून सुचवलं. तत्त्वतः तो चुकला नव्हता.

तिसरा मार्ग होता तो सगळ्यांत सोपा. शेपटीकडे साधा प्रोपेलर लावून द्यायचा. जोर भरपूर, खर्च कमी. बिंदुमाधवरावांनी एका सकाळी गच्चीत तो लावून सुरू केला, तर खालून शरदिनीबाईंनी विचारलं की मिक्सर कुणी लावला आणि झाकण घातलंय ना. झालं. ज्या जेटमुळे स्वयंपाकघरातल्या चटणीची आठवण होते ते जेट कसलं? प्रोपेलर काढून त्यांनी ट्रंकेत टाकला आणि वर कुलूप लावलं.

राहिला नळीतला पंखा. म्हणजे एक नळी, तिच्यात बारा पात्यांचा पंखा, मागे मोटर, मोटरला बॅटरी. पुढून वारा ओढायचा आणि मागून झोताने फेकायचा. लखनौच्या एका मित्राकडून त्यांनी तसा पंखा दोन दिवसांसाठी मागून आणला आणि जोर मोजायला रद्दीवाल्याचा ताणकाटा घेतला. पंखा एका घसरत्या फळीवर बांधला, फळी काट्याला, काटा गच्चीच्या कठड्याला. कठड्यावर नेहमीप्रमाणे माकडांची बैठक भरली होती. ब्रह्मा घाटाची माकडं कुणाला भीत नाहीत. पोलिसाची टोपी त्यांनी पोलिसासमोर बसून उसवली आहे. बिंदुमाधवरावांनी रिमोटचा खटका हळूहळू वर नेला. आधी कुजबुज, मग गुणगुण, मग आकाश फाटावं तसा एक लांबलचक सूर. काटा तीन किलोच्या पुढे गेला. जेटचं सगळं वजन अडीच. बिंदुमाधवरावांनी आकडा पुन्हा एकदा वाचला.

मागच्या अंगाला मात्र गोपीनाथांच्या सौभाग्यवतींचे बटाट्याचे पापड वाळत होते. झोत त्यांच्यावर गेला आणि दीडशे पापड एकाच वेळी उठले. थवा उठावा तसे उठले, म्हणतात, आणि ओळीने पंचगंगा घाटाकडे निघाले. तिथे स्नान करणाऱ्या एका बंगाली यात्रेकरूच्या ओंजळीत अर्घ्य देताना एक पापड अलगद उतरला. त्याने तो सूर्याचा प्रतिसाद समजून जपून गावी नेला, असं विष्णू शपथेवर सांगतो. माकडांनी त्याच दिवशी दुर्गा घाटाला बिऱ्हाड हलवलं. दुर्गा घाटाचे लोक अजून पुणतांबेकरांशी धड बोलत नाहीत.

पापडांमुळे गोपीनाथांचं मत आणखीनच आगीच्या बाजूला गेलं, हे सांगायला नको.

एवढ्यात मेळाव्याच्या परवानगीचा फॉर्म आला. तो ज्या कार्यालयात द्यायचा तिथल्या बाबूंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, यात कॅमेरा आहे का. नाही, म्हणाले बिंदुमाधवराव. माल वाहून नेतं? नाही. "तो फिर उड़ा काहे रहे हैं?" बाबूंनी अगदी कळकळीने विचारलं. या प्रश्नाला तीन हिवाळ्यांत शरदिनीबाईंनाही उत्तर मिळालं नव्हतं, बाबूंना कुठून मिळणार? प्रवासीसंख्येच्या रकान्यात शून्य लिहून घेण्यात आलं. पण 'शक्ति का स्रोत' हा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. केरोसिन लिहिलं तर कागद आगीच्या टेबलावर जाणार, बॅटरी लिहिली तर विजेच्या. दोन्ही लिहिलं तर? बाबू म्हणाले, मग दोन्ही टेबलांवर जाईल आणि कुठूनच परत येणार नाही. परवा दुपारपर्यंत काय ते ठरवून आणा.

आता दोन दिवसांत ठरवायचं म्हणजे ब्रह्मा घाटाला एकच रस्ता माहीत आहे. एकादशी आज धरावी की उद्या, असा पेच पडला की पिढ्यान् पिढ्या जे करतात तेच बिंदुमाधवरावांनी केलं. ते ढुंढिराजशास्त्र्यांकडे गेले.

ढुंढिराजशास्त्री न्यायशास्त्राचे पंडित. वय ऐंशी, आवाज वीस. विमानात ते कधी बसले नव्हते, त्यामुळे त्यांचं मन या विषयात स्वच्छ होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी चार वाजता देवळाच्या ओसरीवर सभा बोलावली. सात पंडित आले, गोपीनाथ आले, विष्णू पायरीवर बसला, आणि मधे पाटावर, लाल वस्त्रावर, जेट.

शास्त्रीबुवांनी सुरुवातीलाच सगळ्यांना अडवलं. शक्ती कोणती द्यायची ते ठरण्याआधी जेट म्हणजे काय ते ठरू द्या, म्हणाले. लक्षण सांगा.

गोपीनाथांनी लगेच सांगून टाकलं, की जे आग ओकतं ते जेट. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. मग दिवाळीतला अनारही जेट, चहाच्या टपरीवरचा स्टोव्हही जेट. लक्षण नको तिथे पसरलं. अतिव्याप्ती. पुढचं.

बिंदुमाधवराव पुस्तकी माणूस. ते म्हणाले, "जे तोंडाने वारा घेतं आणि मागच्या बाजूने जोराने सोडून पुढे सरकतं, ते जेट."

शास्त्रीबुवांनी लक्षणाचा एकेक शब्द बोटांवर मोजला. मग त्यांनी गोपीनाथांकडे पाहिलं. "सत्तू खाल्ल्यावर हा गोपीनाथही जेट होतो."

"मी पुढे सरकत नाही," गोपीनाथ ताठ होऊन म्हणाले.

"तू सरकत नाहीस. बाकीचे मागे सरकतात. वेग तोच."

सभेला सावरायला पाच मिनिटं लागली. एका पंडिताला तर पाणी द्यावं लागलं. मग लक्षणात 'आकाशात' हा शब्द घालून गोपीनाथांना वगळण्यात आलं आणि वाद पुढे सरकला. आणि काय रंगला म्हणता! टर्बाइनला वेग पकडायला दोन-तीन क्षण लागतात, पंखा बोटासरशी जोर धरतो. लूपच्या माथ्यावर दोन क्षण म्हणजे दोन जन्म, हे बिंदुमाधवरावांनी असे हातवारे करून सांगितलं की त्यांचं उपरणं विष्णूच्या डोक्यावर जाऊन पडलं. गोपीनाथांनी उलट डाव टाकला. केरोसिन जळत जातं, विमान हलकं होत जातं. बॅटरी मात्र संपली तरी तेवढीच जड. शास्त्रीबुवांना हे फार आवडलं. निवृत्तीनंतरही वजन तेवढंच राहतं असं या सभेत दुसरं कोण आहे, असं त्यांनी विचारलं, आणि सगळे निवृत्त लोक जरा गंभीर झाले.

दीड तास झाला. दोन्ही पारडी सारखी. तेवढ्यात शरदिनीबाई भाजी घेऊन देवळावरून चालल्या होत्या. त्यांनी पाटावरच्या जेटकडे पाहिलं आणि उभ्याउभ्या म्हणाल्या, "अहो, पण ते थर्माकोलचं आहे ना? आग लावली तर वितळणार नाही का?"

सातही पंडितांनी वाकून जेटला एकेक बोट लावून पाहिलं.

"थर्माकोल नाही, फोम आहे," बिंदुमाधवराव शेवटी म्हणाले. पण आवाजात जीव नव्हता. तीन वर्षं स्वतःच्या हाताने चिकटवलेला फोम त्यांना दीड तासात एकदाही आठवला नव्हता. टर्बाइनच्या मागच्या झोतात कढई लाल होईल. फोमचं तर श्राद्धही करता आलं नसतं. शरदिनीबाई पालक निवडायचा आहे म्हणून निघून गेल्या. निर्णयपत्रात त्यांचा मुद्दा 'एका पक्षाने असेही सुचविले' असा नोंदवला गेला.

निर्णयपत्र मोडीत लिहावं की नागरीत यावर अर्धा तास गेला. शेवटी नागरीत लिहिलं. विमानास नव्वद मिलिमीटरचा, बारा पात्यांचा एकच पंखा द्यावा. बॅटरी सहा घरांची, म्हणजे सहा सेलची, द्यावी. तोंडं दोन असली तरी प्राण एकच असतो, म्हणून दोन लहान पंख्यांचा पक्ष फेटाळला आहे. सात पंडितांच्या सह्या. आणि शेवटचं कलम आगीच्या पक्षाचं समाधान म्हणून घातलेलं. उड्डाणापूर्वी गोपीनाथ पाटणकर यांनी विमानास आरती ओवाळावी आणि ढुंढिराजशास्त्री यांनी यथाविधी प्राणप्रतिष्ठा करावी. बिंदुमाधवरावांनी हे कलम वाचलंच नाही. सदतीस वर्षं बँकेत बसून लोकांना 'वाचून सही करा' म्हणून सांगणाऱ्या माणसाने पंखा मिळाल्याच्या आनंदात खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी फॉर्मवर 'पंखा' लिहिलं. बाबूंनी छताचा की टेबलाचा एवढंच विचारलं आणि शिक्का मारला.

बॅटरीची मात्र वेगळीच तऱ्हा. असल्या बॅटऱ्या विमानाने पाठवत नाहीत, म्हणजे जी विमान उडवणार तिला विमानात जागा नाही. ती ट्रकने आली आणि मैदागिनच्या चौकात येऊन थांबली, कारण पुढे गल्ल्या. खोक्यावर ज्वाळेचं चित्र होतं. ते बघून एका रिक्षावाल्याने नकार दिला, दुसऱ्याने नमस्कार करून नकार दिला. शेवटी विष्णूने खोकं राजघाटापर्यंत स्वतः नेलं आणि तिथून बोटीने आणलं. ब्रह्मा घाटावर उतरताना ते त्याने डोक्यावर धरलं होतं. घाटावरच्या म्हाताऱ्या बाया नवी मूर्ती आली समजून उठून उभ्या राहिल्या.

माघी पौर्णिमेचा दिवस उजाडला तो असा लखलखीत की बिंदुमाधवरावांना घास जाईना. गंगेवर धुकं नाही, वारा नाही, आकाश धुतलेल्या ताटासारखं. विष्णूच्या बोटीत जेट मांडीवर घेऊन ते बसले. सोबत शरदिनीबाई, थर्मास घेऊन. शास्त्रीबुवा, पूजेची परडी घेऊन. गोपीनाथ, आरतीचं तबक घेऊन. हे दोघे कशाला, असं बिंदुमाधवरावांनी विचारलं, तेव्हा शास्त्रीबुवांनी निर्णयपत्र काढून शेवटचं कलम मोठ्याने वाचून दाखवलं. नदीच्या मध्यावर माणूस तरी काय करणार?

पलीकडे रामनगरच्या बाजूला वाळूचा हा एवढा मोठा पट्टा. तिथे प्लायवूडच्या फळ्या जोडून धावपट्टी केली होती, चहाचे ठेले लागले होते आणि फोटोसाठी सजवलेले दोन उंट हा काय प्रकार आहे म्हणून माना वळवून बघत होते. तीस-चाळीस विमानं आली होती. पण गर्दी एकाच ठिकाणी होती. नागपूरच्या मालविका देव आपलं खरंखुरं टर्बाइनचं जेट घेऊन आल्या होत्या. डेन्टिस्ट बाई. दाढ कोरायच्या मशीनमध्येही हवेवरचं टर्बाइनच फिरतं, ते लहान पडायला लागलं म्हणून हे घेतलं, असं त्या हसून सांगत होत्या. त्यांचे यजमान निनाद अग्निशामक नळकांडं काखेत धरून दोन पावलं मागे उभे होते. गोपीनाथांनी ते टर्बाइन पाहिलं आणि आरतीचं तबक खाली ठेवून हात जोडले.

टर्बाइनने एकदा शीळ घातली. काय ती शीळ! बिंदुमाधवरावांनी आपल्या जेटवर हात ठेवला. मग ती शीळ घोगरी झाली, खरखरली आणि थांबली. रेती. गंगेची ती पिठासारखी बारीक रेती टर्बाइनने पोटभर ओढली होती. आता सबंध मशीन उघडल्याशिवाय ते काही हूं म्हणणार नव्हतं. मालविकाबाईंचा चेहरा एवढासा झाला. गोपीनाथांचा त्याहून.

आणि भोंग्यावर नाव पुकारलं गेलं, पुणतांबेकर, वाराणसी.

आधी टेबलावर जाऊन सही करायची होती. टेबलावर तेच बाबू, देखरेखीला आलेले. त्यांनी छापील प्रतिज्ञापत्र वाचून घेतलं, की उड्डाणाच्या काळात विमानातून कोणताही पदार्थ खाली टाकला जाणार नाही. बिंदुमाधवरावांनी या वेळी प्रत्येक शब्द दोनदा वाचला आणि ठसठशीत सही केली.

ते वाचत होते तेवढ्या वेळात त्यांच्या पाठीमागे, फळीवर, शास्त्रीबुवांनी प्राणप्रतिष्ठा आटोपली. गोपीनाथांनी उदास हाताने आरती ओवाळली. झेंडूची माळ घातली. आणि प्राण आल्यावर ज्याला प्राण आला त्याला उपाशी ठेवत नाहीत. नैवेद्य दाखवायचा, तोही मुखाशी. आता काशीच्या पंडिताला मुख दाखवून द्यावं लागत नाही. शास्त्रीबुवांनी वाकून नीट पाहिलं, जेटला दोन मुखं आहेत हे ओळखलं आणि दुजाभाव नको म्हणून दोन्हींत एकेक लाल पेढा ठेवला. जरा आत. नाहीतर कावळे नेतात.

बिंदुमाधवराव धावत आले, माळ काढून उंटवाल्याकडे भिरकावली आणि रिमोट गळ्यात अडकवला. पेढे त्यांना दिसले नाहीत. दिसणार कसे, ते आकाशाकडे बघत होते.

खटका वर गेला. जेट फळ्यांवरून सुटलं, आणि सुटता सुटता त्याने डमरूसारखा आवाज केला. बिंदुमाधवरावांचे कान टवकारले. पण विमान तोवर हवेत होतं, आणि त्याच्या शेपटीतून तपकिरी धुराची एक लांब, सुरेख रेघ निघाली होती. रेतीवरचे लोक टाळ्या पिटू लागले. धुराची सोय केलीये वाटतं, निनाद म्हणाले. बिंदुमाधवरावांनी सोय केली नव्हती. त्यांनी घाबरून हुंगलं तर वाऱ्यावर खव्याचा आणि वेलदोड्याचा वास.

"शास्त्रीबुवा," ते वर बघतच म्हणाले, "तुम्ही याला काय खायला घातलंत?"

"एकच गेला," शास्त्रीबुवा म्हणाले. "दुसरा अजून घशात असेल."

उतरवावं? उतरवलं तर लूप नाही, आणि लूप नाही तर खोलीत पलंग. बिंदुमाधवरावांनी एकदा शरदिनीबाईंकडे पाहिलं. त्या थर्मासचं झाकण हातात धरून, मान वर करून, अगदी लहान मुलीसारख्या बघत होत्या. बस्स. त्यांनी जेट नदीवर लांब नेलं, वळवलं, पुरा जोर दिला आणि नाक उचललं.

जेट चढलं. घाटांच्या वर, पंचगंगा घाटावरच्या धरहऱ्याच्या मशिदीच्या वर, ती बांधणाऱ्या आलमगीर बादशहाच्या काळापासून तिथे कुणी इतकं सरळ चढलं नसेल असं चढलं. माथ्यावर पोचलं, उताणं झालं, पोट सूर्याकडे. आणि नेमका तिथे आवाज बसला. सूर मेला. दुसरा पेढा नळीत आडवा बसला होता. शेंदरी जेट आकाशात उलटं टांगल्यासारखं थांबलं, आणि रेतीवरच्या दोनशे माणसांनी श्वास धरला. उंटांनीसुद्धा, म्हणे. बिंदुमाधवरावांनी खटका खाली घेतला, आणि कसलाही विचार न करता, घशात घास अडकलेल्या मुलाच्या पाठीत मारावी तशी जोराची एक थाप त्या खटक्याला वर मारली.

फट्. पेढा अख्खाच्या अख्खा मागून सुटला. पंख्याने टाहो फोडला. जेटने नाक खाली घेतलं, विजेसारखं कोसळलं, पाण्यावर माणसाच्या उंचीवरून सरळ झालं आणि जिथून चढलं होतं तिथून सुसाट निघून गेलं. पुरा लूप. गोल, टिकलीसारखा गोल. मालविकाबाई वाळूत उड्या मारत होत्या. गोपीनाथ विष्णूच्या गळ्यात पडून रडत होते आणि पंखा, पंखा म्हणत होते.

पात्याचा एक तुकडा गेला होता, त्यामुळे उतरताना जेट थरथरलं, फळ्या चुकवून रेतीत घसरलं आणि उंटाच्या चार पायांच्या मधोमध जाऊन थांबलं. उंट झेंडूची माळ खात होता. त्याने खाली वाकून जेट हुंगलं, एक बाजू चाटली आणि परत माळेकडे वळला.

अख्खा पेढा मात्र टेबलावर पडला होता. थेट प्रतिज्ञापत्रावर, बिंदुमाधवरावांच्या सहीच्या शेजारी. बाबू त्याच्याकडे एकटक बघत होते.

"यह क्या है?" त्यांनी विचारलं. "कोई पदार्थ नहीं गिरेगा, लिखा है आपने."

बिंदुमाधवराव प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचू लागले. पण शास्त्रीबुवा पुढे झाले. "पदार्थ नहीं है, भैया. नैवेद्य था. ऊपर हो आया, अब प्रसाद है."

बाबूंनी वर आकाशाकडे पाहिलं, मग पेढ्याकडे. मग चपला काढल्या, पेढा दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. नियम काय सांगतो ते त्यांनी पुढे कधी काढलं नाही. आणखी एखादं विमान उडणार आहे का, एवढं मात्र विचारलं.

शरदिनीबाई शब्दाच्या पक्क्या. बोटीत बसतानाच त्यांनी सांगून टाकलं, "खोली तुमची. मी बघितला लूप." मग थोड्या वेळाने, पाण्याकडे बघत, "बरा झाला." छत्तीस वर्षांच्या संसारात एवढी स्तुती बिंदुमाधवरावांनी ऐकली नव्हती. बोट पाण्याला टेकते आहे की नाही हेही त्यांना कळेना.

बोटीत मालविकाबाई आणि निनादही होते. टर्बाइन चादरीत गुंडाळून मांडीवर. त्यांची अवस्था अवघड होती. मशीन उघडून एकेक भाग धुवायचा तर चार-पाच दिवस हवेत, मोठं टेबल हवं, बारीक हत्यारं हवीत. आणि पौर्णिमेच्या गर्दीत जे एक हॉटेल मिळालं होतं त्याने केरोसिनचा वास येताच सामान बाहेर ठेवलं होतं. असंच बंद टर्बाइन घेऊन नागपूरला परत जावं लागणार, मालविकाबाई म्हणाल्या. चादरीचं टोक जरा सरकलं आणि आतून ती चकचकीत, बाटलीएवढी वस्तू उन्हात चमकली.

बिंदुमाधवरावांनी ती पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. तिचे पार सगळे स्क्रू मोकळे झालेले, ती आपल्या टेबलावर, आपल्या दिव्याखाली, आतली पाती आपल्या बोटांवर. त्यांचं तोंड त्यांच्या आधी बोललं.

"परत कशाला जाता? आमच्या गच्चीत खोली आहे की. टेबल आहे, हत्यारं आहेत, खिडकीतून गंगा दिसते. चार दिवस काय, आठ दिवस राहा."

गोपीनाथांनी जीभ चावली. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. विष्णूने मोटर जरा हळू केली.

शरदिनीबाईंनी मात्र थर्मास पुढे ओढला. त्यांनी थर्मासमधला उरलेला चहा मालविकाबाईंना ओतून दिला, पदर सावरला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "नाश्ता किती वाजता लागतो हो तुम्हाला?"